रेडिओ गप्प झाला तर गाडीने काय करायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी आपण रेल्वे सिग्नलिंगमधील बिनतारी संदेशवहन हा विषय घेतला आहे. 5जी वापरून संदेशाचा विलंब कमी करून दाखवावा, अशी सूचना आपल्याला मिळाली आहे. परंतु कसारा घाटात साधे मोबाइलवरचे बोलणे तुटते हे आपण नेहमी अनुभवता, आणि म्हणून ज्या माध्यमाचा भरवसा नाही त्याच्यावर गाडीची सुरक्षा सोपवायची तरी कशी, असे आपण विचारले आहे. सिग्नल आणि दूरसंचार विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम केलेला माणूस म्हणून सांगतो की, आपल्याला मिळालेल्या सूचनेपेक्षा आपली शंका अधिक मोलाची आहे. प्रकल्प तिच्यावरच उभा करावा, असे मला वाटते.

सिग्नलिंगची जुनी यंत्रणा एका तत्त्वावर उभी राहिली: काही मोडले, तुटले किंवा बंद पडले, तर गाडी थांबली पाहिजे. सेमाफोर सिग्नलची तार तुटली की वजनाच्या भाराने त्याचा हात आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत, येत असे. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून सतत प्रवाह वाहत असतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी उतरली, तर तिन्ही प्रसंगी रिले खाली पडतो आणि तो तुकडा व्यापलेला आहे असे मानले जाते. गुरुत्वाकर्षण कधी रजेवर जात नाही, असे आमचे जुने वरिष्ठ म्हणत, ते याच अर्थाने. रेडिओला मात्र असा निसर्गाचा आधार नाही. संदेश आला नाही याचा अर्थ पुढे धोका आहे असाही असू शकतो, पुढे काहीच नाही असाही असू शकतो, किंवा मध्ये डोंगर आला एवढाच असू शकतो. त्यामुळे शांततेला अर्थ आपणच द्यावा लागतो, आणि तो द्यायची पद्धत अशी की रेडिओवरून जाणारा संदेश ही माहिती न मानता मुदतीची परवानगी मानायची. गाडीला ठरावीक अंतरापर्यंत जाण्याची मुभा मिळते. तिलाच आम्ही मूव्हमेंट ऑथॉरिटी म्हणतो. ती वेळोवेळी ताजी झाली नाही, तर इंजिनावरील संगणक वाट पाहत बसत नाही. ठरलेली मुदत संपताच तो मुभा आखूड करतो किंवा ब्रेक लावतो.

शिळ्या माहितीवर विसंबले की काय होते, हे 23 जुलै 2011 रोजी चीनमधील वेन्झोऊजवळ दिसले. विजेच्या तडाख्याने स्टेशनमधील नियंत्रण यंत्रणेचा फ्यूज उडाला. त्यानंतर त्या यंत्रणेने बिघाडापूर्वीची ‘मार्ग मोकळा’ ही स्थितीच धरून ठेवली, मागून येणाऱ्या गाडीला हिरवा सिग्नल मिळत राहिला, आणि 40 माणसे प्राणास मुकली. या अपघाताचे मूळ रेडिओत नव्हते, पण रेडिओवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यासावा, कारण तिथले उपकरण पूर्ण बंद पडले असते तर अपघात टळण्याची शक्यता होती. ते अर्धवट जिवंत राहिले आणि जुनेच उत्तर देत राहिले. संदेशाला वेळेचा शिक्का का हवा आणि त्या शिक्क्याची तपासणी घेणाऱ्याच्या बाजूला का हवी, हे याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्याकडच्या यंत्रणेकडे वळतो. भारतीय रेल्वेच्या लखनौस्थित आरडीएसओ या संशोधन संस्थेने देशी उत्पादकांसोबत विकसित केलेली ‘कवच’ ही प्रणाली 2020 साली राष्ट्रीय स्वयंचलित गाडी संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. तिच्या चाचण्या त्याआधी काही वर्षे दक्षिण मध्य रेल्वेवर चालल्या होत्या, आणि तिची सुधारलेली 4.0 ही आवृत्ती जुलै 2024 मध्ये मंजूर झाली. तिची रचना समजायला अवघड नाही. रुळांमधील स्लीपरवर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओने वाचता येणाऱ्या ओळखखुणा, बसवलेले असतात. इंजिन त्यांच्यावरून जाताना आपण कोणत्या मार्गावर, कोणत्या ठिकाणी आहोत हे त्याला कळते. दोन टॅगांच्या मधले अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजले जाते. स्टेशनमधील कवच यंत्र इंटरलॉकिंगकडून, म्हणजे सांधे आणि सिग्नल यांचा परस्पर मेळ राखणाऱ्या यंत्रणेकडून, सिग्नलची आणि मार्गाची स्थिती घेते आणि 406 ते 470 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील रेडिओने ती इंजिनाला कळवते; इंजिन आपले स्थान आणि वेग उलट कळवते. स्टेशनाशेजारी जे उंच मनोरे अलीकडे दिसू लागले आहेत, ते यासाठीच आहेत. प्रत्येकाला बोलण्यासाठी वेळेचा ठरावीक तुकडा नेमून दिलेला असतो आणि हे चक्र साधारण दोन सेकंदांचे असते. उपग्रहाचा उपयोग मुख्यतः सर्वांची घड्याळे एका ठोक्यावर ठेवण्यासाठी केला जातो.

उपग्रहाकडून स्थान न घेता केवळ वेळ घेण्यामागे एक इतिहास आहे, आणि त्याचा धागा थेट कोकणाशी जोडलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, खन्ना आणि गैसल येथील भीषण अपघातांच्या पार्श्वभूमीवर, कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी उपकरण विकसित केले. इंजिने, गार्डचे डबे, स्टेशने आणि फाटके या सर्वांवर उपकरणे बसवायची, प्रत्येकाने उपग्रहावरून आपले स्थान ओळखायचे, रेडिओने एकमेकांना कळवायचे आणि टक्कर संभवत असेल तर ब्रेक लावायचे, अशी ती कल्पना होती. त्या काळाच्या मानाने ती धाडसी होती आणि आजही मला तिच्याविषयी आदर आहे. ईशान्य सीमा रेल्वेवर तिचा मोठा प्रयोगही झाला. अडचण आली ती स्टेशनांच्या आवारात. आपल्याकडे शेजारच्या दोन रुळांच्या मध्यरेषांत पाच मीटरच्या आसपास अंतर असते, आणि साध्या उपग्रह-ग्राहकाची चूकही त्याच मापाची असते. समोरची गाडी आपल्याच रुळावर आहे की शेजारच्या, हे निश्चित सांगता आले नाही तर एक तर विनाकारण ब्रेक लागतात किंवा लागायला हवेत तेव्हा लागत नाहीत. वळणांवरील दिशाबदल मोजून रूळ ओळखण्याची युक्ती त्या उपकरणात होती, पण गजबजलेल्या यार्डात ती पुरली नाही. ‘कवच’मधले टॅग हे या अडचणीला दिलेले उत्तर आहे. स्थान जमिनीवरून घ्यायचे आणि रेडिओकडे फक्त पोचवण्याचे काम ठेवायचे, ही कामाची वाटणी अनुभवातून आली आहे. आपल्या प्रकल्पात ‘उपग्रह आणि 5जी यांच्या साहाय्याने टक्कर टाळणे’ असे काही लिहिण्याचा मोह झाला, तर आधी हा प्रश्न कागदावर सोडवून पाहावा.

विलंब कमी करण्याच्या सूचनेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. युरोपातील जीएसएम-आर या रेल्वेच्या खास मोबाइल जाळ्यावर ईटीसीएस ही गाडी नियंत्रण प्रणाली चालते. तिच्यासाठी ठरवलेल्या निकषानुसार तीस बाइटांचा संदेश 99 टक्के वेळा अर्ध्या सेकंदात पोचला पाहिजे. ताशी 130 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे 18 मीटर जाते. हा विलंब दहा मिलिसेकंदांवर आणला, तर साडेसतरा मीटरच्या आसपास वाचतील. आता दुसरी बाजू पाहा. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद एवढा वेग घटवणारा ब्रेक गृहीत धरला, तर हीच गाडी थांबायला सुमारे तेराशे मीटर घेते. लांब मालगाडीत ब्रेकचा परिणाम शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायलाच काही सेकंद जातात. ईटीसीएसमध्ये चाकावरून मोजलेल्या अंतरात पाच मीटर अधिक कापलेल्या अंतराच्या पाच टक्के एवढी चूक ग्राह्य धरली जाते, म्हणजे शेवटच्या खुणेपासून एक किलोमीटरवर ती पंचावन्न मीटर होते. जिथे स्थानाचीच अनिश्चितता पंचावन्न मीटर आहे आणि ब्रेकचे अंतर तेराशे मीटर आहे, तिथे सतरा मीटरांसाठी नवे तंत्रज्ञान आणणे म्हणजे आजाराचे निदान बाजूला ठेवून औषधाची बाटली सुंदर करणे होय. मूव्हमेंट ऑथॉरिटीचा संदेश मुळात लहान असतो; जुन्या जीएसएम-आरवर तो 9.6 किलोबिट प्रतिसेकंद एवढ्या, आज हास्यास्पद वाटणाऱ्या वेगाच्या वाटेने जातो आणि त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या गाड्या धावतात.

मग अडते कुठे? अडते ते शांततेच्या लांबीत. माझ्या मते संशोधनाची खरी जागा ही आहे, आणि तिथे बहुतेक प्रबंध एक चूक करतात.

ती चूक अशी की, संदेश गहाळ होण्याची शक्यता एक ठरावीक आकडा मानली जाते आणि प्रत्येक संदेश स्वतंत्र समजला जातो. समजा शंभरातले पाच संदेश गहाळ होतात. स्वतंत्रतेचे गृहीतक धरले, तर सलग तीन संदेश गहाळ होण्याची शक्यता आठ हजारांत एक येते, सलग पाच गहाळ होणे जवळजवळ अशक्य ठरते, आणि प्रबंधाचा शेवट समाधानाने होतो. प्रत्यक्षात संदेश काळात गहाळ होत नाहीत, ते जागेत गहाळ होतात. खोल कटिंग, डोंगराची कड, उड्डाणपुलाची सावली, बोगद्याचे तोंड, शेजारच्या रुळावर उभी असलेली कंटेनरची मालगाडी, या सगळ्या जागा आहेत. दोनशे मीटर लांबीच्या कटिंगमध्ये रेडिओ पोचत नाही असे धरू. ताशी 130 किलोमीटर वेगाची एक्सप्रेस तिथून साडेपाच सेकंदांत बाहेर पडते. दोन सेकंदांच्या चक्रात तिचे दोन-तीन संदेश बुडतात. मागून ताशी 20 किलोमीटर वेगाने चढणारी मालगाडी त्याच कटिंगमध्ये 36 सेकंद असते आणि तिचे अठरा संदेश बुडतात. म्हणजे रेडिओच्या दृष्टीने वेगवान गाडीपेक्षा रेंगाळणारी गाडी अधिक कठीण असते. संशोधनपत्रिकांत डॉप्लर परिणामाची, म्हणजे वेगामुळे वारंवारता सरकण्याची, जी भीती दाखवली जाते ती या मानाने किरकोळ आहे. 450 मेगाहर्ट्झवर ताशी 160 किलोमीटर वेगाला डॉप्लर बदल जेमतेम 67 हर्ट्झ येतो, तर 900 मेगाहर्ट्झवर ताशी 300 किलोमीटरलाही तो 250 हर्ट्झच असतो, आणि एवढ्याला तोंड देण्याची सोय ग्राहकयंत्रात असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका घाट विभागात रेडिओची चाचणी आम्ही तपासणी डब्यातून घेतली होती. डब्यापुढे ताकदवान इंजिन होते, मार्ग मोकळा होता, आणि नोंदींचा आलेख असा निघाला की कोणालाही तो भिंतीवर लावावासा वाटावा. पुढे नियमित वाहतूक सुरू झाल्यावर एका विशिष्ट वळणावर मालगाड्यांचा संपर्क तुटू लागला, तोही रोज नव्हे. बरेच दिवस इंजिनातील अँटेनाच्या जोडणीवर संशय होता. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने मालगाडीच्या इंजिनात बसून घड्याळ लावून नोंदी घेतल्या, तेव्हा उलगडा झाला. वेगवान डब्याने ती जागा आमच्या मोजणीच्या फटीतून पार केली होती. तेव्हापासून मी चाचणीचा अहवाल हातात आला की पहिल्यांदा गाडीचा वेग पाहतो.

थांबलेल्या गाडीची अवस्था तर याहून चमत्कारिक असते. जमीन, खांब, ओव्हरहेड तारा आणि शेजारचे डबे यांच्यावरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींना काही ठिकाणी पुष्ट करतात आणि काही ठिकाणी खोडून काढतात. 450 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे 67 सेंटिमीटर असते, त्यामुळे लहर क्षीण होण्याचे असे खड्डे हात-दीड हात अंतरावर विखुरलेले असतात. धावणारी गाडी ते क्षणात ओलांडते आणि त्रुटीसुधारणेचे संकेत नुकसान भरून काढतात. सिग्नलपाशी उभी राहिलेली गाडी मात्र नेमकी खड्ड्यात थांबली तर तिला पुढे जायची मुभा पोचतच नाही, आणि मुभा नाही म्हणून ती हलत नाही. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: इंजिनावर पुरेशा अंतरावर दोन अँटेना आणि शक्य तर दोन स्वतंत्र रेडिओ. पण इथेही गणित सांभाळावे लागते. एक रेडिओ शंभरात एकदा चुकतो म्हणून दोन रेडिओ दहा हजारांत एकदाच चुकतील, हे वाक्य लहान खड्ड्यांना लागू पडते. कटिंगच्या सावलीला पडत नाही, कारण ती दोन्ही अँटेनांवर एकाच वेळी पडते. लहान प्रमाणावरचा आणि मोठ्या प्रमाणावरचा ऱ्हास वेगळा करून दोघांसाठी वेगळा उपाय सुचवणारा प्रबंध मला आनंदाने वाचावासा वाटेल.

बोगद्यांचा विषय आपल्या राज्यात टाळता येत नाही. उघड्या माळावर कमी वारंवारतेची लहर दूर जाते, हे सर्वांना माहीत असते. वारंवारता दुप्पट केली की तेवढ्याच अंतरावर सहा डेसिबेलचे नुकसान वाढते, हा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. बोगद्यात हा नियम उलटा फिरतो. सरळ बोगदा हा लहरीसाठी मोठ्या नळीसारखा असतो, आणि नैसर्गिक प्रसारणात दर मीटरमागचा ऱ्हास लहरीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बोगदा अरुंद असेल तर तो झपाट्याने वाढतो. म्हणून 150 मेगाहर्ट्झचा जो वॉकीटॉकी मोकळ्या मैदानात उत्तम चालतो, तो एकेरी मार्गाच्या बोगद्यात थोड्याच अंतरावर मुका होतो. 900 मेगाहर्ट्झ बरीच पुढे जाते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. एवढ्या लांबीत तोंडाशी अँटेना लावून भागत नाही. भिंतीलगत लीकी केबल, म्हणजे लांबीभर थोडी थोडी लहर बाहेर सोडणारी केबल, टाकावी लागते किंवा मध्ये पुनःप्रक्षेपक बसवावे लागतात. केबलमधला ऱ्हास मात्र वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणजे उपाय बदलला की पुन्हा नियम बदलला. त्यातून एकेरी बोगद्यात गाडी स्वतःच जवळजवळ सगळी पोकळी भरून टाकते. तोंड मागे राहिले की इंजिनाच्या अँटेनाला येणारी लहर स्वतःच्याच डब्यांच्या आड जाते. रिकाम्या बोगद्यात घेतलेली मोजमापे म्हणूनच अर्धी खरी असतात.

गर्दीच्या प्रश्नाबद्दल थोडे सांगतो. जीएसएम-आरला युरोपात चार मेगाहर्ट्झचा जोडपट्टा मिळाला. आपल्याकडे जे मार्ग जीएसएम-आरवर गेले, त्यांच्यासाठी 1.6 मेगाहर्ट्झ होते, म्हणजे दोनशे किलोहर्ट्झच्या हिशेबाने आठ वाहक लहरी, आणि तेही शेजारच्या क्षेत्रांत वाटून घ्यायचे. जुन्या पद्धतीत प्रत्येक गाडी आपली वाहिनी अडवून बसते, बोलायचे असो वा नसो. त्यामुळे मोठ्या जंक्शनात वाहिन्या संपतात. जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाच मेगाहर्ट्झ देण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर एलटीई, म्हणजे 4जी जाळे, उभारण्याची दिशा ठरली, त्यामागे हे एक सबळ कारण आहे. दिल्ली–मेरठ मार्गावरील नमो भारत गाड्यांचे ईटीसीएस एलटीईवरच चालते. युरोपही 5जीवर आधारलेल्या एफआरएमसीएस या रेल्वेच्या नव्या जाळ्याकडे निघाला आहे, परंतु तिथले मुख्य कारण जुन्या उपकरणांचे सुटे भाग आणि उत्पादकांचा आधार संपत जाणे हे आहे. तेव्हा नव्या पिढीच्या जाळ्याला माझा विरोध नाही. क्षमता, प्राधान्यक्रमाने मिळणारे संभाषण आणि देखभालीची सोय या कारणांसाठी ते हवेच आहे. विलंबाचे कारण मात्र पुढे करू नये.

दुसरी गोष्ट खुल्या पट्ट्याची. मेट्रोच्या सीबीटीसी, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या गाडी नियंत्रण, प्रणाली अनेक ठिकाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात बसवल्या गेल्या. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील शेन्झेन मेट्रोच्या गाड्या प्रवाशांच्या हातातील वायफाय हॉटस्पॉटमुळे वारंवार थांबल्या. अपघात झाला नाही, यंत्रणेने ठरल्याप्रमाणे ब्रेक लावले. ऑगस्ट 2023 मध्ये पोलंडमध्ये कोणी तरी रेल्वेच्या जुन्या अॅनालॉग रेडिओवर आपत्कालीन थांब्याचे तीन सूर प्रक्षेपित केले आणि वीसेक गाड्या थांबवल्या, कारण तो संदेश कोण पाठवतो हे तपासण्याची सोयच त्या यंत्रणेत नव्हती. आजच्या प्रणालींत प्रत्येक संदेशासोबत गुप्त किल्लीने तयार केलेली ओळख जाते, त्यामुळे खोटा संदेश घुसवणे फार कठीण झाले आहे. लहरींवर गोंगाट ओतून खरा संदेश बुडवणे मात्र कोणत्याही किल्लीने थांबत नाही.

आणि इथे मी आपल्या मूळ शंकेकडे येतो. रेडिओ बुडाला तर गाडी थांबते, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे उत्तर आमच्या क्षेत्रातले लोक सहज देतात, मीही अनेक वर्षे देत होतो. ते अर्धे उत्तर आहे. थांबलेली गाडी कायम थांबून राहत नाही. तिला हलवण्यासाठी यंत्र बाजूला ठेवले जाते, स्टेशन मास्तर कागदी परवाना देतात, लोको पायलट नियमात सांगितलेल्या वेगाने आणि डोळ्यांच्या भरवशावर पुढे निघतात, आणि त्या घटकेपासून सुरक्षा माणसाच्या स्मरणावर, वाचनावर आणि थकव्यावर अवलंबून राहते. 17 जून 2024 रोजी पश्चिम बंगालमधील रांगापाणीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली, तेव्हा त्या विभागातील स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बिघडलेले होते आणि गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जात होत्या. सिग्नल बिघडून लाल झाले होते, म्हणजे पुस्तकाप्रमाणे बिघाड सुरक्षित होता. त्यानंतरची कार्यपद्धती तेवढी सुरक्षित नव्हती. त्या मार्गावर तेव्हा ‘कवच’ नव्हते. पण रेडिओवर चालणारी प्रणाली वारंवार गप्प होत असेल, तर ती रेल्वेला वारंवार याच अवस्थेत ढकलेल, हे ओळखले पाहिजे. त्यामुळे रेडिओची उपलब्धता हा सोयीचा प्रश्न नसून सुरक्षेचाच प्रश्न आहे, फक्त तो एक पायरी पलीकडे उभा असतो.

याचे गणित करून पाहा. ईटीसीएसच्या निकषात संपर्क तुटण्याचे प्रमाण तासाला शंभरांश एवढे, म्हणजे एका गाडीमागे शंभर तासांत एकदा, चालते. एका गाडीसाठी हा आकडा उत्तम आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. एका वेळी शंभर गाड्या मार्गावर आहेत असे धरले तरी दर तासाला एक गाडी संपर्क गमावणार, आणि गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी मागे गाडी असताना त्या एकीमुळे मागच्या चार अडणार. युरोपातील लांब पल्ल्याच्या मार्गासाठी बसवलेला निकष इथे जसाच्या तसा आणला तर तो पुरत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे वापरात असलेली एडब्ल्यूएस प्रणाली रुळालगतच्या चुंबकांवरून फक्त सिग्नलपाशी माहिती घेते. ती सतत बोलत नाही ही तिची मर्यादा आहे, पण त्यामुळेच दोन सिग्नलांच्या मधल्या शांततेचा तिला त्रास होत नाही. नवे आणताना जुन्याचा हा गुण कसा टिकवायचा, टॅगांवरून ठिकठिकाणी मिळणारी माहिती आणि रेडिओची सततची माहिती यांची सांगड घालून गाडीला शांततेतही किती काळ आणि किती वेगाने सुरक्षितपणे चालू देता येईल, हा माझ्या दृष्टीने आज सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. मुदत आखूड ठेवली तर विनाकारण ब्रेक लागतात. लांब ठेवली तर मधल्या काळात मागे घेतलेली परवानगी गाडीला कळत नाही. ताशी 130 किलोमीटरला तीस सेकंद म्हणजे एक किलोमीटरहून अधिक अंतर होते, आणि तेवढ्यात बरेच काही बदलू शकते. मुदत सर्वत्र सारखी न ठेवता पुढचा मार्ग, चढउतार, त्या जागेचा रेडिओचा पूर्वेतिहास आणि गाडीचा वेग यांवरून ती ठरवता येईल का, आणि तसे केल्यावर सुरक्षेचा पुरावा सर्वोच्च पातळीला, म्हणजे एसआयएल-4 ला, उतरेल का, हे कोणी तरी नीट मांडायला हवे आहे.

एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच लिहून टाकावी. रेडिओ इंटरलॉकिंगचे म्हणणे पोचवतो. ते म्हणणेच चुकीचे असेल तर तो चूकही इमानाने पोचवतो. 2 जून 2023 रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे अपघात झाला, त्याच्या मुळाशी सिग्नलच्या सर्किटमधील बदलांत झालेली चूक होती आणि मेन लाइनचा सिग्नल असलेली गाडी बाजूच्या लूप लाइनवर गेली. अशा ठिकाणी संदेशवहन कितीही चांगले असले तरी उपयोग मर्यादित असतो.

प्रकल्पाच्या आखणीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. 5जीचे अनुरूपण (सिम्युलेशन) करण्यात वर्ष घालवू नये. रेल्वेची परवानगी मिळाल्यास मालगाडीच्या किंवा घाटात मागून जोर देणाऱ्या बँकर इंजिनाच्या केबिनमधून मोजणी करावी. न मिळाल्यास साध्या पॅसेंजर गाडीतून सार्वजनिक एलटीईच्या 700 ते 900 मेगाहर्ट्झमधील जाळ्याची क्षेत्रतीव्रता, म्हणजे पोचणाऱ्या लहरीचा जोर, नोंदवावी, त्यावरूनही जागेचा ऱ्हास कळतो. डब्याच्या धातूमुळे आणि काचेमुळे होणारे नुकसान वेगळे मोजून वजा करावे. कसारा ते इगतपुरी हा टप्पा निवडल्यास तीव्र चढ, कटिंग आणि बोगदे तिन्ही थोड्या अंतरात मिळतात. प्रत्येक नोंदीला वेळ आणि स्थान दोन्ही जोडावे, बोगद्यात उपग्रह मिळत नाही म्हणून तिथे किलोमीटरचे दगड आणि खांबांचे क्रमांक वापरावे, आणि एकच प्रवास करून समाधान मानू नये. चढताना आणि उतरताना, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, शेजारच्या रुळावर गाडी असताना आणि नसताना, असे निदान वीस-पंचवीस प्रवास करावे. निष्कर्ष लिहिताना सरासरी क्षेत्रतीव्रतेचा आलेख परिशिष्टात टाकावा आणि मुख्य मजकुरात शांततेच्या लांबीचे वितरण द्यावे, आधी मीटरमध्ये, मग ताशी 20, 60 आणि 110 किलोमीटर या वेगांसाठी सेकंदांमध्ये. परीक्षकांपैकी कोणी प्रत्यक्ष रेल्वेत काम केलेले असतील तर ते सेकंदांचा तक्ता आधी उघडतील.